आधी काढा, मग कॉफी: घरच्या मशरूम कॉफीच्या नोंदी

७ जून

दुपारी चारची कॉफी माझी रात्रीची झोप खाते, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. अंगातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे चारला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफीन रात्री नऊलाही अंगात असतंच. कॉफी मला सोडायची नाही. पूड कमी घालायची, पण कप पाणचट लागू द्यायचा नाही, एवढंच हवं आहे. त्यासाठी मशरूम कॉफीची, म्हणजे मशरूम मिसळलेल्या कॉफीची, दोन तयार पाकिटं वापरून पाहिली. कुठलं मशरूम किती घातलंय, हे दोन्हींवर लिहिलेलं नव्हतं. मग घरीच करायचं ठरवलं.

पुढे कुणी हेच करायला बसलं तर माझ्या चुका त्यांच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून या नोंदी ठेवतेय. सामानाचे दर सगळीकडे वेगळे असतात, त्यामुळे खर्च पैशांत लिहीत नाही. किती ग्रॅम वाया गेले आणि किती तास गेले, ते लिहिते.

आजचं सामान: वाळलेल्या रेशीच्या चकत्या १०० ग्रॅम, चागाचे खडे ५० ग्रॅम, लायन्स मेनची पूड १०० ग्रॅम. तिन्ही मशरूमचेच प्रकार. कॉफी नेहमीचीच, मध्यम भाजलेली अरेबिका.

पहिला प्रयोग सगळ्यांना सुचतो तोच केला. ८ ग्रॅम कॉफी आणि ८ ग्रॅम लायन्स मेन पूड फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दट्ट्या दाबून कॉफी गाळायच्या भांड्यात, एकत्र, वर २५० मिली गरम पाणी, चार मिनिटं थांबले. दट्ट्या अर्ध्यावर जाऊन अडकला. जोर लावला तशी कडेनं गरम कॉफी उसळून मनगटावर आली. कपात जे उतरलं ते पेजेसारखं दाट, ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचं. दोन घोट घेतले, बाकी ओतून दिलं.

८ जून

तेच मिश्रण आज कागदी फिल्टरमधून गाळलं. एरवी तीन मिनिटांत उतरणारी कॉफी २५ मिनिटं ठिबकत बसली. कागदाला आतून बुळबुळीत थर धरला होता. चमच्याने तो खरवडायला गेले आणि कागद फाटला. आणखी ८ ग्रॅम गेले.

रात्री शांतपणे विचार केला. कॉफीला ९२ ते ९६ अंशांचं पाणी आणि जेमतेम चार मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ ठेवली की ती कडवट होते. मशरूमचं नेमकं उलटं आहे. त्याच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या, म्हणजे किड्यांचं कवच ज्याचं असतं त्याच द्रव्याच्या. त्यात अडकलेली बीटा ग्लुकन्स, म्हणजे मशरूममधली लांब साखळ्यांची शर्करा, पाण्यात उतरायला तासभर तरी उकळावं लागतं. दोघांना एकाच भांड्यात, एकाच वेळात बसवायला गेलं की एक तरी कच्चं राहतं नाहीतर दुसरं बिघडतं. तेव्हा मशरूमचा काढा वेगळा, कॉफी वेगळी, आणि दोघांची गाठ कपातच.

११ जून

काढ्याला लागण्याआधी एक शंका डोक्यातून जाईना. नुसत्या मशरूमच्या पुडीची अशी पेज होईल का? लायन्स मेनच्या काही पुडी धान्यावर वाढवलेल्या तंतुजालाच्या, म्हणजे मशरूमच्या मुळासारख्या तंतूंच्या, असतात. ते धान्य वेगळं काढता येत नाही, त्यामुळे सगळं एकत्रच दळतात. अशा पुडीत स्टार्च भरपूर येतो. मशरूम स्वतः स्टार्च साठवत नाही, ग्लायकोजेन साठवतं. त्यामुळे आयोडिनची शाळेतली चाचणी इथे उपयोगी पडते.

अर्धा चमचा पूड ५० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळली आणि जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाकले. पाणी फिकट तपकिरीच राहिलं. पूड चांगली निघाली म्हणून बरं वाटलं, आणि भांडी घासायला गेले.

परत आले तर वाटीच्या तळाशी निळी शाई सांडल्यासारखा रंग. वाटी हलवली तसा तो सगळीकडे पसरला, जवळजवळ काळा दिसेपर्यंत.

चूक माझीच. स्टार्च आणि आयोडिनचा निळा रंग गरम पाण्यात टिकत नाही, गार झाल्यावरच दिसतो. मग नीट तीन वाट्या मांडल्या: एकीत मक्याच्या पिठाचं पाणी, दुसरीत रेशीची चकती उकळलेलं पाणी, तिसरीत ही पूड. तिन्ही पूर्ण गार होऊ दिल्या, मग थेंब टाकले. मक्याची निळी, रेशीची तपकिरी आणि पुडीची निळीकाळी. म्हणजे प्रेसमध्ये दट्ट्या अडकवणारी पेज बहुतेक धान्याचीच होती.

अशी पूड खाण्याजोगी नसते असं माझं म्हणणं नाही. पण पाकिटावर मशरूम लिहिलेलं असताना धान्य विकत घ्यायची माझी तयारी नाही. उरलेले ८० ग्रॅम बाजूला काढले. इथून पुढे पूड आणायचीच नाही. अख्खं किंवा चकत्या केलेलं मशरूमच आणायचं, म्हणजे काय घेतोय ते डोळ्यांना दिसतं.

तपासायच्या वाटीतलं पाणी प्यायचं नाही. वाटीही वेगळी ठेवा.

१४ जून

रेशी दळायला घेतली. लाकडासारखी कडक चकती, म्हणून वाटलं मिक्सरमध्ये हिचा छान भुगा होईल. झाला तो कापूस. ३० ग्रॅम चकत्यांचा फिकट तपकिरी, हलका, फुगलेला पिंजलेला कापूस भांड्यात गोळा झाला. पाती त्याच्या खाली मोकळीच फिरत होती. चार वेळा थांबून थांबून फिरवलं, शेवटी मोटर तापल्याचा वास आला आणि बंद केलं. चाळणीतून जेमतेम ६ ग्रॅम पूड पडली.

रेशीचं अंग तंतूंचं असतं, ते तुटण्याऐवजी पिंजलं जातं. वस्त्रगाळ पूड घरच्या मिक्सरमध्ये होत नाही, आणि काढ्यासाठी तिची गरजही नाही. अख्खं रेशी हाताशी असेल तर आधी वाफवून मऊ करावं आणि गरम असतानाच सुरीने कापावं.

१५ जून

पिंजलेली ३० ग्रॅम रेशी टाकून देववेना. दीड लिटर पाण्यात घालून उकळत ठेवली. कापसाने सुरुवातीलाच बरंचसं पाणी पिऊन घेतलं, वर तरंगला, मग हळूहळू खाली बसून पातेल्याच्या बुडाला चिकटला. मी फोनवर होते. ५० मिनिटांनी करपल्याचा वास आला. सगळं फेकलं. पातेलं घासायला अर्धा तास गेला. दोन दिवसांत ३० ग्रॅम रेशी आणि चार तास, हाती काहीच नाही.

१६ जून

आज २० ग्रॅम चकत्या न दळता, नुसत्या कात्रीने बोटभर तुकडे करून, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात १ लिटर पाण्यात टाकल्या. रात्रभर भिजवल्या होत्या. उकळी आल्यावर आच इतकी मंद केली की कडेला एखादा बुडबुडा दिसावा. झाकण अर्धवट. दर वीस मिनिटांनी घड्याळ लावून पाहिलं. दोन तासांनी गाळून ३५० मिली काढा मिळाला, दाट तांबूस. चकत्या स्वच्छ राहिल्या, गाळणं एकदाही तुंबलं नाही.

कपात ५० मिली काढा आणि वर कॉफी. पहिल्या घोटालाच जीभ आत ओढली गेली, इतकं कडू. हा कडवटपणा रेशीतल्या ट्रायटर्पीन्स नावाच्या द्रव्यांचा. तो कॉफीच्या कडूपणात मिसळून जात नाही. कॉफी संपल्यावरही घशात मागे उरतो. हिशोब केला तर त्या ५० मिलीत जवळजवळ ३ ग्रॅम रेशी उतरली होती. २० मिली, मग १० मिली करत खाली आले. १० मिलीला, म्हणजे कपामागे अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर, कप पिण्याजोगा झाला. चिमटीभराहून कमी मीठ टाकलं की कडवटपणा आणखी दबतो. साखरेनं मला तेवढा फरक जाणवला नाही.

२१ जून

ताई आणि भाऊजी आले होते. ताईला न सांगता कप दिला. तिने दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

“अगं, ही कॉफी आहे की तापावरचा काढा?”

“दोन्ही आहे, ताई. कडू लागतंय का?”

“कडू चालेल मला. पण कॉफीचा वास कुठे गेलाय? तू कॉफी कमी घातलीस आणि त्या जागी कडूच भरलंस.”

तिचं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते एकटीने पिताना कळलं नव्हतं. कॉफी कमी केल्यावर कपातून भाजल्याची चव आणि अंगाचा दाटपणा हरवतो. रेशी ते भरून काढत नाही, नुसता कडूपणा वाढवते. कपाला अंग देणारं मशरूम दुसरं हवं, रेशी चवीपुरती.

भाऊजींनी कप मागितला तेव्हा दिला नाही. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि रेशीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. “भाऊजी, डॉक्टरांना विचारा, मग देते,” म्हटलं. त्यांना साधी कॉफी करून दिली. अशी गोळी चालू असेल, शस्त्रक्रिया ठरलेली असेल, किंवा साखरेची, रक्तदाबाची औषधं घेत असाल तर हे आधी विचारूनच करा. घरी केलेली वस्तू म्हणून ती निरुपद्रवी होत नाही.

२५ जून

ताजं लायन्स मेन १ किलो मिळालं. पांढऱ्या लोंबत्या काट्यांचा गोळा, हातात घेतला तर ओल्या स्पंजसारखा. अर्धं आज वाळवलं.

दोन सेंटीमीटर जाड फोडी, ओव्हन ८० अंशांवर, पाच तास. वरून छान कडक झाल्या, वाजवल्या तर टकटक आवाज. गरम असतानाच बरणीत भरून झाकण लावलं.

१ जुलै

बरणी उघडली आणि वास आला. फोडींवर हिरवट पांढरी बुरशी. ५०० ग्रॅम ताजा माल सगळाच्या सगळा टाकला. बुरशी आलेला भाग कापून बाकीचं वापरायचा विचारही करू नका. तिचे तंतू आत कुठवर गेलेत ते दिसत नाही.

एक फोड मोडून पाहिली तर वरचं कवच खुटखुटीत आणि गाभा अजून ओला. जास्त आचेमुळे बाहेरचा थर आधी आवळून बसला आणि आतलं पाणी आतच कोंडलं. वर मी गरम माल झाकून ठेवला, त्याची वाफ बरणीतच फिरली. पाच तास आणि अर्धा किलो माल, दोन घाईंपायी.

उरलेला अर्धा किलो फ्रीजमध्ये होता, थोडा पिवळसर पडला होता पण वास ताजा. या वेळी सुरी लावली नाही. हाताने काट्यांच्या दिशेने उभा फाडत गेले, साधारण अर्धा सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्या. जाळीवर एकमेकींना न चिकटवता मांडल्या, ५५ अंश, ओव्हनच्या दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवली. नऊ तास लागले. पट्टी वाकवली की वाकायला नको, कट्कन तुटायला हवी. ताटात पसरून पूर्ण गार केल्या, मग बरणी. ५०० ग्रॅमचे ५१ ग्रॅम झाले. ताज्या मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे हे प्रमाण धरून चालायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी बरणीच्या काचेला आतून दव आलंय का ते पाहिलं. नव्हतं. दव दिसलं असतं तर लगेच पुन्हा वाळवायला टाकलं असतं.

४ जुलै

लायन्स मेनचा काढा कडू नसतो, पण त्याला सूपासारखी, किंचित मासळीकडे झुकणारी चव असते. कॉफीत ती पहिल्या घोटाला कळते आणि खटकते. कॉफी तरी कच्ची कुठे पितो आपण, भाजूनच पितो. मग हेही भाजावं असं सुचलं.

१० ग्रॅम पट्ट्या १८० अंशांवर बारा मिनिटं. कडा काळ्या, चव राखेची. टाकल्या.

उरलेल्या ४१ ग्रॅम जाड तव्यावर, अगदी मंद आचेवर, हात न थांबवता हलवत राहिले. आधी ओल्या गवतासारखा वास सुटला, मग काही वेळ काहीच नाही, आणि दहाव्या मिनिटाच्या सुमारास अचानक भाजलेल्या बदामांचा वास आला. रंग पांढरटवरून बिस्किटाच्या रंगावर. तिथे थांबायचं. बाराव्या मिनिटाला उतरवून लगेच गार ताटात ओतल्या, कारण तापलेल्या तव्यावर आच बंद केल्यावरही भाजणं चालूच राहतं. ३८ ग्रॅम उरले.

त्यातली एकच पट्टी कपभर पाण्यात उकळून चव घेतली. सूपाची चव गेलेली, मागे खमंगपणा आणि थोडी गोडसर झाक. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कॉफीशी जुळणारं काही हाती लागलं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ते अख्खं पाणी प्याले.

९ जुलै

चागा. हे थंड प्रदेशातल्या बर्च झाडांच्या खोडावर येतं, वरून जळक्या कोळशासारखं काळं, आतून गंजाच्या रंगाचं. दुसऱ्या महायुद्धात कॉफीची टंचाई झाली तेव्हा फिनलंडमध्ये लोक कॉफीऐवजी चागा उकळून पीत. त्यामुळे मला याच्याकडून जास्त आशा होती.

खडे मिक्सरला दाखवायच्याही लायकीचे नाहीत, इतके कडक. जाड फडक्यात गुंडाळून हातोडीने वाटाण्याएवढे तुकडे केले. त्यातले १० ग्रॅम हाताशी होतं त्या लोखंडी भांड्यात उकळले. अर्ध्या तासात शाईसारखं काळं पाणी, जिभेवर लोखंड चाटल्यासारखं. चागातली तुरट द्रव्यं लोखंडाशी काळा रंग धरतात. तो काढा टाकला. काढा स्टील, काच किंवा इनॅमलच्या भांड्यातच करावा.

पुन्हा १० ग्रॅम, इनॅमलच्या भांड्यात १ लिटर पाणी, फार न उकळता तासभर. या वेळी रंग खऱ्या काळ्या कॉफीचा, चव सौम्य, तुरट, मागे किंचित व्हॅनिलाचा भास. तेच तुकडे वाळवून आणखी दोनदा उकळता आले. निम्मी कॉफी आणि निम्मा हा काढा असा कप केला तर ताईलाही फरक कळला नसता.

तरीही रोजच्या कपातून चागा काढून टाकलंय. त्यात ऑक्सलेट, म्हणजे मुतखडे ज्याचे होतात ते द्रव्य, फार असतं. जपानमधल्या एका ७२ वर्षांच्या बाईंनी रोज चार-पाच चमचे चागाची पूड सहा महिने घेतली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली; २०१४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ते नोंदवलं. मी पूड खात नाही, काढाही पातळ करते. पण आमच्या घरात मुतखड्याचा त्रास आहे, तेव्हा रोजच्या सवयीत ते नकोच. आठवड्यातून एक कप, आणि तोही फक्त मला.

१५ जुलै

रेशीतली कडू ट्रायटर्पीन्स पाण्यात कमी आणि अल्कोहोलमध्ये जास्त उतरतात, म्हणून बरेच लोक दोन्हींत अर्क काढून एकत्र करतात. तेही करून पाहिलं. १५ ग्रॅम रेशी पिण्यायोग्य तीव्र अल्कोहोलमध्ये महिनाभर ठेवायची होती. मी १६ जूनलाच बाटली भरली होती, आज गाळली.

मग रेशीचा आटवलेला काढा त्यात ओतला. ओततानाच पांढरट लडी सुटायला लागल्या, अंड्याचा पांढरा बलक गरम पाण्यात पडावा तशा. काही मिनिटांत तळाशी चिकट गोळा झाला. पाण्यात विरघळलेली पॉलिसॅकराइड्स (बीटा ग्लुकन्स त्यांतलीच) तीव्र अल्कोहोलमध्ये विरघळलेली राहत नाहीत, ती बाहेर पडतात. दोन तास उकळून जे मिळवलं ते एका मिनिटात गाळ होऊन बसलं. अल्कोहोल कमी ठेवून, ते काढ्यात थेंबाथेंबाने मिसळलं तर लडी कमी सुटतात.

पण मी ही वाट इथेच सोडतेय. मला कॉफीत अल्कोहोल नको आहे, आणि ते घरात गॅसवर उडवायला जाणं आगीला बोलावणं आहे. कडू तर मला असंही कमीच हवं.

२२ जुलै

काढा रोज करायला नको म्हणून त्याची झटपट पूड करता येईल का, हे पाहिलं. भाजलेले ३८ ग्रॅम लायन्स मेन दोनदा उकळले, दोन्ही काढे एकत्र करून १०० मिलीपर्यंत आटवले आणि सिलिकॉनच्या पत्र्यावर पातळ पसरून ५५ अंशांवर ठेवले. सात तासांनी चकचकीत तपकिरी थर झाला. गरम असताना चिक्कीच्या पाकासारखा ओढला जाई, गार झाल्यावर काचेसारखा फुटे. मोठ्या आनंदाने कुटून बरणीत भरला. अठरा ग्रॅमच्या आसपास भरला.

२३ जुलै

बरणीत पूड नाही, एकच ढेकूळ. हवा दमट आहे आणि हा अर्क हवेतलं पाणी ओढून घेतो. कारखान्यात यात माल्टोडेक्स्ट्रिनसारखं (स्टार्चपासून केलेली पूड) काही घालून फवारून वाळवतात, म्हणून त्यांची पूड मोकळी राहते. घरी ते जमणारं नाही. चमच्याने उकरायला गेले तर चमचा वाकला. ढेकूळ गरम पाण्यात विरघळवून दोन दिवसांत पिऊन टाकलं, त्यामुळे माल पुरता वाया गेला नाही. पण दहा तास गेले.

रात्री फ्रीजर उघडला तेव्हा बर्फाचा साचा दिसला. इतके दिवस समोरच होता.

२९ जुलै

अख्खं वाळलेलं लायन्स मेन २०० ग्रॅम आणलं. आधी एक तुकडा उकळून, गार करून आयोडिन टाकलं, तपकिरीच राहिलं. मग कामाला लागले.

लायन्स मेन ४२ ग्रॅम, भाजून. रेशी ७ ग्रॅम, तुकडे करून रात्रभर भिजवलेली. दोन्ही एकत्र दीड लिटर पाण्यात दोन तास मंद आचेवर. गाळून, चोथा फडक्यात घालून पिळला. त्याच चोथ्यात पुन्हा ८०० मिली पाणी घालून तासभर. दोन्ही काढे एकत्र करून ४२० मिलीपर्यंत आटवले. शेवटच्या १०० मिलीला भांड्यासमोरून हलले नाही, कारण दाट काढा करपायला क्षण लागत नाही. ३० मिलीचे १४ चौकोन साच्यात भरून गोठवले.

म्हणजे एका चौकोनात ३ ग्रॅम लायन्स मेन आणि अर्धा ग्रॅम रेशी. ३ ग्रॅमचा आकडा अंदाजाने घेतलेला नाही. जपानमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात विसरभोळेपणा सुरू झालेल्या पन्नाशी ते ऐंशीच्या लोकांना रोज ३ ग्रॅम लायन्स मेन पूड सोळा आठवडे दिली होती. चाचण्यांत गुण सुधारले आणि पूड थांबवल्यावर पुन्हा घसरले. अभ्यासात माणसं जेमतेम तीसेक, आणि ती पूड होती, काढा नव्हता. तेव्हा माझ्या कपाने तेच होईल असं मी धरत नाही. काहीतरी प्रमाण धरायचं तर लोकांनी खरोखर घेतलेलं धरावं, एवढंच.

कप करताना आज आणखी एक फसलं. काढा पाण्यात मिसळून, तेच पाणी उकळून कॉफीवर ओतलं, म्हणजे एकाच कामात दोन्ही होईल. कॉफी आंबट आणि गढूळ उतरली. काढ्यात आधीच इतकं काही विरघळलेलं असतं की कॉफी त्यात मोकळी उतरत नाही, आणि फिल्टरही पुन्हा तुंबला. ८ जूनची चूक मी वेगळ्या दाराने घरात आणली.

नंतरचा कप नीट झाला. ९ ग्रॅम कॉफी, साध्या पाण्याने १२० मिली, थोडी कडक. चौकोन छोट्या भांड्यात वितळवून कडकडीत गरम केला आणि तयार कॉफीत ओतला. गोठलेला तसाच टाकला तर कप कोमट होतो आणि रेशीचा कडूपणा पुढे येतो. मिठाचे चार कण.

माझा आधीचा मग १६ ग्रॅम कॉफीचा होता. अरेबिकात कॅफीन साधारण १.२ टक्के, म्हणजे १६ ग्रॅममध्ये १९० मिलिग्रॅमच्या आसपास, ९ ग्रॅममध्ये ११०च्या खाली. हे कमी झालं ते कॉफी कमी घातल्यामुळे. मशरूम कॅफीन कमी करत नाही, ते फक्त रिकामी झालेली जागा भरतं.

५ ऑगस्ट

वेळ वाचवायला प्रेशर कुकर काढला. पहिल्यांदा पाऊण भरला आणि फसले. मशरूमच्या काढ्याला फेस फार येतो. तो वाफेच्या नळीत चढला, शिट्टी अडकली, बाजूने तपकिरी फेस ओघळायला लागला. गॅस बंद करून लांब उभी राहिले आणि दाब आपोआप उतरेपर्यंत हात लावला नाही. नळी सुईने साफ केली. नंतर अर्ध्याहून कमी भरला, पूर्ण दाब आल्यावर आच अगदी बारीक, ४५ मिनिटं. काही त्रास झाला नाही.

काढा दोन तासांच्या उकळण्याइतका उतरला का, हे रंगावरून ठरवायचं नव्हतं. दोन्ही काढे समान मापाला आणून प्रत्येकी २० मिली बशीत घेतले, ओव्हनमध्ये पूर्ण वाळवले आणि बशा पुन्हा तोलल्या. मंद आचेचा ०.६२ ग्रॅम उरला, कुकरचा ०.६६. चवीत मला फरक कळला नाही. आता कुकरच.

१० ऑगस्ट

आजवरचा तोटा: धान्यमिश्रित पूड १०० ग्रॅम, रेशी ४५ ग्रॅम, चागा १० ग्रॅम, ताजं लायन्स मेन ५०० ग्रॅम, वाळलेलं १० ग्रॅम. वाया गेलेले तास मोजले तर तीसच्या घरात.

चौकोन फ्रीजरमध्ये दोन महिने ठेवणार आहे, त्याहून जास्त नाही. वितळलेला काढा फ्रीजमध्ये तीन दिवस. मागच्या आठवड्यात एक वाटी चौथ्या दिवशी आंबली, वरून काही दिसत नव्हतं, वासावरून कळलं.

जंगलात किंवा बागेत सापडलेलं मशरूम यात घालायचं का, असं ताईच्या मुलीने विचारलं होतं. नाही. ओळखीत थोडी चूक झाली तरी विषबाधा होऊ शकते, आणि बऱ्याच विषारी मशरूमचं विष कितीही उकळलं तरी जात नाही.

काल ताईला पुन्हा कप दिला, या वेळी सांगून. भाऊजींच्या डॉक्टरांनी रेशी नको म्हटलंय, म्हणून त्यांच्यासाठी निव्वळ लायन्स मेनचे चौकोन वेगळ्या साच्यात गोठवून डॉक्टरांना दाखवायला प्रमाण लिहून दिलंय. ताईने कप संपवला आणि म्हणाली, “हा कॉफीचा वास आहे. किती भाजतेस ते लिहून दे.” ४ जुलैची नोंद उतरवून दिली, बदामांचा वास येतो त्या ओळीखाली दोनदा रेघ मारून.